मदत हवी आहे: पॅकर्स आणि वायकिंग्ज, दोन्हीकडून खेळलेले कोण?

ग्रीन बे पॅकर्स आणि मिनेसोटा वायकिंग्ज, या एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) दोन्ही संघांकडून खेळलेल्यांची यादी करायचीय. अट एकच: दोन्हीकडे नियमित हंगामातला किमान १ सामना प्रत्यक्ष खेळलेला हवा. नुसता करार किंवा सराव-संघातली जागा धरली की यादी उगाच फुगते.

आतापर्यंतचे (कंसात वायकिंग्जकडचं पहिलं वर्ष): ब्रेट फार्व (२००९, पण २००८ न्यूयॉर्क जेट्सकडे, म्हणजे थेट उडी नाही), किकर रायन लाँगवेल (२००६), ग्रेग जेनिंग्ज (२०१३), झडॅरियस स्मिथ (२०२२), एरन जोन्स (२०२४). सगळे ग्रीन बेहून मिनेसोटाला! उलट वाटेचा एकच सापडलाय, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) जिम मॅकमॅन: १९९३ वायकिंग्ज, १९९५-९६ पॅकर्स. तोही मूळचा शिकागो बेअर्सचा.

उलट दिशेचे आणखी कोण? नाव, खेळायची जागा आणि दोन्हीकडची वर्षं द्या.