बाथरूममध्ये हँडल बसवायचंय, पण व्हिट्रिफाइड टाइल तडकतेय (सांगली)

विश्रामबागकर

नमस्कार. आमच्या बाथरूमच्या भिंतींना २ बाय ४ फुटी व्हिट्रिफाइड टाइल आहेत. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. उठताबसता धरायला कमोडशेजारी स्टीलचं हँडल लावायचंय. दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रू, म्हणजे सहा भोकं. ज्यांना बोलावलं त्यांनी भिंतीचा नेहमीचा बिट लावून हॅमरवर मशीन चालू केली. पहिल्याच भोकाला टाइल कोपऱ्यापर्यंत तडकली. दुसरीकडे बिट नुसता फिरत राहिला, टोक तापून लाल झालं आणि टाइलला साधा खळगाही पडला नाही. मी काम तिथंच थांबवलं. गणपती पेठेत डायमंड बिट बघितले. ते पोकळ नळीसारखे, टोकच नाही. त्यानं भोक पडतं कसं? आणि हँडलवर माणसाचा भार येणार, तो पेलेल का? घरी बॅटरीवरची ड्रिल आहे, मिस्टर स्वतः करायला तयार आहेत.

कुपवाडचा टूलरूमवाला

ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. माझी नोकरी कुपवाड एमआयडीसीत ग्राइंडिंग मशीनवर झाली, हिरा कसा काम करतो ते रोज डोळ्यांसमोर होतं. डायमंड बिट टाइल घासतो. नळीच्या तोंडाला हिऱ्याचे बारीक कण निकेलच्या थरात धरून ठेवलेले असतात. ते गोलाकार खरवडत जातात आणि मधली चकती अख्खी सुटून येते. टोकाची गरजच नाही.

व्हिट्रिफाइड टाइल १२०० अंशांच्या आसपास भाजलेली असते, आत पाणी जेमतेम अर्धा टक्का मुरतं. एवढ्या घट्ट मालावर हॅमरचा ठोका बसला की तडा जाणारच. उरलेला तुकडा असेल तर पाठीवर थोडं पाणी टाकून बघा. शोषलं तर ती साधी सिरॅमिक, तिला भाल्याच्या टोकाचा कार्बाइड बिटही चालतो. पाणी तसंच राहिलं तर डायमंडशिवाय इलाज नाही.

आता खरी गोष्ट, पाणी. हवेत साधारण ७०० अंशांपुढे हिरा जळायला लागतो, आणि कोरड्या घर्षणात बिटाच्या तोंडाशी केवढी उष्णता साठते ते बाहेरून कळत नाही. म्हणून मिस्टर मशीन धरतील तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहून स्प्रेच्या बाटलीनं सतत पाणी मारा. पांढरा लगदा ओघळत राहिला पाहिजे. कोरडी पूड उडाली किंवा करपल्याचा वास आला की लगेच थांबायचं. बॅटरीची ड्रिल आहे हे चांगलं. वायरच्या मशीनवर पाणी मारणं मी कुणालाच सांगणार नाही.

सुरुवातीला नळी सपाट ठेवली तर ती टाइलभर घसरते आणि ग्लेझ ओरखडते. प्लायवुडच्या तुकड्याला बिटाच्याच मापाचं भोक पाडा, तो भिंतीवर घट्ट दाबून धरा आणि त्यातून बिट चालवा. प्लाय नसेल तर बिट तिरका धरून आधी चंद्रकोरीएवढी खाच पाडा आणि मग हळूहळू सरळ करा. हॅमरचा खटका बंद. १० मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला ६०० ते ९०० फेरे पुरेत. म्हणजे मशीनवरचा वेगाचा खटका २ वर आणि ट्रिगर अर्धाच दाबलेला. मशीनच्या वजनाहून थोडाच जास्त जोर द्या, मधूनमधून बिट उचला, पाणी आत जाऊ द्या. एका भोकाला दोन-तीन मिनिटं लागतील, लागू द्या. टाइल संपत आली की जोर अजून कमी करा. घाई केली तर मागच्या बाजूनं टवका उडतो.

मिरजेचा प्लंबर

काका, आम्ही तर कोरडंच करतो. ग्राइंडरला लागणारा व्हॅक्यूम ब्रेझ्ड बिट, आत मेण भरलेलं. अर्ध्या मिनिटात भोक.

कुपवाडचा टूलरूमवाला

बरोबर आहे दादा. त्यात हिरा ब्रेझिंगनं जखडलेला असतो, तो ताप सोसतो. पण ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या वर फिरतो, त्याला तुमच्यासारखा सरावाचा हात लागतो. निकेलवाला स्वस्त बिट तसा कोरडा चालवला तर पहिल्याच भोकात संपेल. ताईंच्या घरी बॅटरीची ड्रिल आणि पाणी हेच ठीक.

गोडोली, सातारा

भाराचं बोलायचं तर आधी भिंत कशाची ते सांगा. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीत साधा फिशर, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवतात तो प्लास्टिकचा प्लग, हँडलसाठी लावू नका, तिथं केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट चिकटवलेला बोल्ट) लागतो.

विश्रामबागकर

जुनी पक्क्या विटांची, नऊ इंची भिंत आहे.

कुपवाडचा टूलरूमवाला

मग उत्तम. टाइलला १० मिलिमीटर भोक पाडा. आत विटेत मात्र नेहमीचा ८ मिलिमीटरचा बिट, तोही जमेल तितका हॅमरशिवाय. फिशर टाइलच्या मागे, पूर्ण विटेत गेला पाहिजे. तो टाइलमध्ये अडकला तर स्क्रू आवळताना फुगून टाइल फोडतो. लांब स्टेनलेस स्क्रू घ्या. भोक टाइलच्या कडेपासून निदान इंचभर आत ठेवा. आधी बोटानं टाइल ठोकून बघा, पोकळ वाजली तर मागे सिमेंट नाही, ती जागा सोडा. कमोडशेजारी जेटस्प्रेची पाइप भिंतीतून गेलेली असते, टाइल लावण्याआधीचे फोटो असतील तर शोधून काढा. उंचीसाठी सासूबाईंना तिथं बसवून, उठवून बघा. त्यांचा हात आपोआप जिथं जाईल तिथं खूण करा.

विश्रामबागकर

काका, चार भोकं एकदम स्वच्छ पडली, टवका नाही! पाचव्याला मात्र बिट खूप हळू चाललाय. नवा आणू का?

कुपवाडचा टूलरूमवाला

आधी मऊ विटेच्या तुकड्यात पाणी मारत एकदोनदा फिरवा. अडकलेला लगदा निघून हिऱ्याचे कण उघडे पडतात. तरीही नुसता घसरला तर कण झडलेत, नवाच घ्या. जोर लावून उरलेली दोन भोकं उरकू नका. आणि स्क्रू घालण्याआधी प्रत्येक भोकात सिलिकॉन भरा, नाहीतर पाणी टाइलमागे मुरत राहील.