दम, धाप आणि 'निष्पत्ती'

रंकाळावासी:
स्वाइन फ्लूनं दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णांवरचं एक माहितीपत्रक मराठीत आणतोय. दोन ठिकाणी गाडी अडलीय. श्वास पुरेनासा होतो त्याला दम म्हणू, धाप म्हणू की 'श्वसनास त्रास'? आणि उपचारानंतर रुग्णाचं जे काही होतं त्याला शब्दकोशात 'निष्पत्ती' दिलंय. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "ह्ये काय कोर्टाचं हाय?"

खासबाग:
वॉर्डात नर्स होते मी. 'श्वसनास त्रास' असं बोलणारा पेशंट कधी भेटला नाही. "सिस्टर, दम लागाय लागलाय" एवढंच. पण त्यावर थांबायचं नाही, कशानं लागतो ते विचारायचं. जोतिबाच्या पायऱ्या चढून लागलेला दम निराळा आणि खाटेवर बसून बोलता बोलता वाक्य तुटतंय तो निराळा. दुसऱ्याला लगेच दाखल करायचं. सरकारी वर्गवारीत अ, ब, क असे गट असतात. ताप-खोकल्याच्या जोडीला दम, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त किंवा निळी पडलेली नखं दिसली की रुग्ण 'क' गटात. गोळी ऑसेल्टामिविरची, पहिल्या 48 तासांत पोटात गेली तर उत्तम. उशीर झाला म्हणून दाखल रुग्णाला द्यायची राहत नाही.

तांबडा_रस्सा:
'दम' लिहिलंत तर वाचणाऱ्याला दमा आठवणार. धाप लिहा.

खासबाग:
धाप पळाल्यावर लागते, टेकलं की उतरते. ही उतरत नाही, हाच तर घोर. 'बसल्या जागी दम लागणे' लिहा, दम्याची शंकाही मिटेल. (दमेकऱ्यांना या आजाराचा धोका जास्त असतो, ते वेगळं सांगा.)

रंकाळावासी:
आणि निळी नखं? तीही 'लक्षणं'च ना?

खासबाग:
पेशंट सांगतो ते लक्षण, तपासणाऱ्याला दिसतं ते चिन्ह. बोलीत दोन्ही लक्षणंच, आणि "याची लक्षणं ठीक दिसत नाहीत" हे आपण उनाड पोराबद्दलही म्हणतो. पत्रकात फरक ठेवा.

पंचगंगा_घाट:
'निष्पत्ती' काढाच. 'बरे होऊन घरी गेले' आणि 'दगावले'. दगावणं 'दगा'वरून आलंय, म्हणून इथं चपखल बसतं. एरवीच्या फ्लूत जास्त करून म्हातारी माणसं जातात. 2009 च्या साथीत तरणीताठी माणसं, गरोदर बायका गेल्या. देशातला पहिला बळी पुण्यातली शाळकरी मुलगी, ऑगस्ट 2009.

खासबाग:
तिसरा रकाना विसरलात. 'नातेवाईक सही करून घेऊन गेले.' त्यांना बरे झाल्यांत धरू नका.

रंकाळावासी:
'शेवटी काय झालं' असं शीर्षक देऊन तीन रकाने केले. आईनं पास केलं. आता व्हेंटिलेटरला कुणी 'कृत्रिम श्वासयंत्र' सुचवू नका, तो व्हेंटिलेटरच राहणार.