दुधाच्या दाढांच्या पल्पसाठी हळदीची पेस्ट : थिसिसला चालेल का?

वसमतची_लेक
पेडोत (लहान मुलांचे दात) एमडीएस, पहिलं वर्ष. पल्पोटॉमीसाठी, म्हणजे दाढेतला वरचा पल्प (आतला मऊ जिवंत भाग) काढून मुळातल्या पल्पवर औषध ठेवतात त्यासाठी, हळदीची पेस्ट असा विषय डोक्यात आहे. त्यासाठीचं जुनं औषध फॉर्मोक्रेसॉल नको वाटतं, एमटीए हे सिमेंट आमच्या पेशंटला परवडत नाही. घरची हळद आहे, जीआयवाली (भौगोलिक मानांकनाची). दळून कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये कालवली तर?

परभणीचा_दातवाला
ताई, कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुनाच की! हळदीत चुना घालून कुंकू करतात, तेच होणार. त्याचा पीएच १२ च्या वर, त्यात हळदीतलं औषधी द्रव्य कर्क्युमिन टिकत नाही, मोडतं. पेस्ट लालभडक, आणि ज्याच्यासाठी हळद घातली तेच गायब.

घरची दळलेली तर अजिबात नको. चांगल्या हळदीतही कर्क्युमिन शेकडा २ ते ५, बाकी बराचसा स्टार्च, वर खळ्यावर वाळवताना बसलेले जंतू. उघड्या पल्पवर ते ठेवणार? एचपीएलसीने (प्रयोगशाळेतली घटक मोजायची पद्धत) कर्क्युमिन मोजलेला अर्क घ्या.

वनस्पतीचं म्हणून सौम्य असंही धरू नका. युजेनॉल लवंगेचंच, पण जिवंत पल्पवर थेट बसलं की सूज हटत नाही. आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, एमटीएचाच ठेवा. फॉर्मोक्रेसॉलमधल्या फॉर्माल्डिहाइडला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २००४ मध्येच कर्करोगकारक ठरवलंय, त्याच्याशी तुलना करून आता कोणाला काय सांगणार?

केस निवडताना कापसाच्या बोळ्याकडे बघा. वरचा पल्प काढला, सलाइनचा ओला बोळा पाच मिनिटं दाबून धरला, तरी गडद रक्त येतच राहिलं, तर मुळातला पल्पही सुजलेला समजा. असा दात अभ्यासात घेतला की नाव पेस्टचं खराब.

लातूरकर_८८
फॉलोअपचं बघा आधी. सहा आणि बारा महिन्यांचे एक्स-रे लागणार. ऊसतोडीच्या घरची लेकरं दिवाळीच्या सुमारास आईबापाच्या कोयत्याबरोबर कारखान्यावर जातात, पाडव्याच्या पुढंमागं परततात. सप्टेंबरात दात केला तर मार्चचा एक्स-रे विसराच. एप्रिलात घ्या, म्हणजे दोन्ही वेळा लेकरू गावात सापडेल.

वसमतची_लेक
हे लई कामाचं सांगितलं दादा. मग कालवू कशात? आणि पिवळा डाग?

परभणीचा_दातवाला
पाण्यात कर्क्युमिन विरघळत नाही, प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरून बघा. डाग पडणारच, पण दाढेवर स्टीलचा क्राऊन बसतो, कोणाला दिसतंय? पुढच्या दातांना मात्र हात लावू नका. आधी प्रयोगशाळेत पल्पच्या पेशींवर विषारीपणा तपासून घ्या, एथिक्स कमिटी ते मागणारच. सीटीआरआयची (रुग्णांवरच्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणीही पहिलं लेकरू खुर्चीत बसायच्या आत.