जुन्या पत्त्यावर समन्स आणि आता पगारावर जप्ती

गोदाकाठ:
नमस्कार. जून २०१९ मध्ये मी नाशिकचे भाड्याचे घर सोडून पुण्यास आलो. त्याआधी एका वित्तसंस्थेकडून घेतलेल्या वैयक्तिक कर्जाचे हप्ते २०२० मध्ये नोकरी गेल्यावर थकले. गेल्या सोमवारी कार्यालयाच्या लेखा विभागाने मला बोलावून पगार जप्तीचा आदेश दाखवला, तेव्हा कळले की २०२२ साली माझ्याविरुद्ध १,८४,००० रुपयांचा एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे माझी बाजू न ऐकता दिलेला निकाल, झाला आहे. दाव्यात पत्ता नाशिकचाच आहे. नवा पत्ता मी संस्थेला लेखी कळवला होता आणि त्या पत्राची शिक्का मारलेली पोच माझ्याजवळ आहे. कर्ज मी नाकारत नाही, परंतु भरलेले काही हप्ते हिशेबात धरलेले नाहीत. इतक्या उशिरा काही करता येईल का?

दिवाणी वकील:
येईल, मात्र आता एकही दिवस वाया घालवू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ प्रमाणे, समन्सची रीतसर बजावणी झाली नसल्यास एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो. मुदत ३० दिवसांची आहे. पण बजावणीच झाली नसेल, तर ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून नव्हे, तुम्हाला तो कळला त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तुमचा सोमवार महत्त्वाचा आहे. लेखा विभागाकडून तो आदेश तुम्हाला कधी दाखवला, हे लेखी घेऊन ठेवा. दावा आदेश ३७ खालचा संक्षिप्त (झटपट निकालाचा) दावा असेल, तर अर्ज त्याच आदेशाच्या नियम ४ खाली करावा लागतो आणि तेथे विशेष परिस्थिती दाखवावी लागते. म्हणून दाव्याचा प्रकार आधी पाहून घ्या.

गोदाकाठ:
आभारी आहे. वर्तमानपत्रात नोटीस दिली होती, असे संस्थेचे वकील फोनवर म्हणाले. मग मला माहिती होती, असेच धरले जाईल का?

दिवाणी वकील:
मुदतीपुरते तरी नाही. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ च्या स्पष्टीकरणात, अशी पर्यायी बजावणी, म्हणजे समन्स हाती न देता वर्तमानपत्रासारख्या मार्गाने केलेली बजावणी, ही रीतसर बजावणी मानू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. मात्र सुनावणीच्या तारखेची माहिती तुम्हाला अन्य मार्गाने वेळेत मिळाली होती, असे न्यायालयास पटले, तर केवळ बजावणीतील दोषावर हुकूमनामा रद्द होत नाही. जुन्या घरमालकांनी कधी फोन करून कळवले असेल, तर ते आपल्या वकिलांपासून लपवू नका.

सातपूरची रहिवासी:
माझ्या भावाच्या प्रकरणात सारे काही बेलिफाच्या (समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या) अहवालावर फिरले. समन्सच्या पाठीवर ‘घरास कुलूप, दारावर प्रत चिकटवली’ असा शेरा आणि दोन पंचांच्या सह्या होत्या. त्या तारखेच्या ८ महिने आधीच त्या दारामागे दुसरे कुटुंब राहायला आले होते. नियमानुसार प्रत चिकटवायची ती प्रतिवादी जेथे राहतो त्या घराच्या दारावर. आम्ही नव्या घराचा नोंदणीकृत भाडेकरार, जुन्या घरमालकांचे शपथपत्र आणि गॅस जोडणी बदलल्याची पावती जोडली. म्हणून समन्स, बेलिफाचा अहवाल आणि रोजनामा (न्यायालयातील कामकाजाची तारीखवार नोंद) यांच्या सहीशिक्क्याच्या नकलांसाठी नक्कल विभागात आजच अर्ज द्या. भावाचा हुकूमनामा रद्द झाला, पण न्यायालयाने काही रक्कम भरण्याची अट घातली आणि दावा पुन्हा सुरू झाला. कर्ज त्याने पुसले गेले नाही; भावाला भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या दाखवण्याची संधी तेवढी मिळाली, आणि ती आम्हाला फार मोलाची होती.

दिवाणी वकील:
ताईंनी नेमके सांगितले. हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दिल्याने जप्ती आपोआप थांबत नाही. दरखास्तीला (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कारवाईला) स्थगिती मिळावी म्हणून वेगळा अर्ज द्यावा लागतो. तोवर कपात चालू राहिली, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यापैकी दोन तृतीयांश रकमेला हात लावता येत नाही. लेखा विभागाने त्याहून अधिक कापले असेल, तर ते त्यांच्या लगेच निदर्शनास आणा.

गोदाकाठ:
पोचपत्र आणि २०१९ चा भाडेकरार काढून ठेवला आहे. नकलांसाठी उद्या सकाळच्या गाडीने नाशिकला जात आहे.