लाकडी पात्यांचा, दिवा असलेला पंखा: घेताना-बसवताना आलेले अनुभव लिहा

सातपुडा_पायथा
धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरातले सागवानी सरे (छताची आडवी लाकडं) घासून, तेल लावून उघडेच ठेवायची टूम जळगाव-धुळ्याकडे पुन्हा आलीये. ते पाहिलं की जुनी ओसरी आठवतेच. त्याखाली लाकडी पात्यांचा, पितळी कपाचा, मधोमध दिवा असलेला पंखा शोभतो खरा, पण तो साध्या पंख्यासारखा आणला नि टांगला असं होत नाही. ज्यांनी बसवलाय त्यांनी लिहा.
सुरुवात उंचीपासून. जमिनीपासून पाती किमान ७ फुटांवर, छतापासून फूटभर खाली. दिवा त्याच्याही खाली ८-१० इंच उतरतो. धाबं ८ फुटी असेल तर दिव्याचं बूड सव्वासहा फुटांच्या आसपास येतं, म्हणजे उंच पाहुण्याचं कपाळ गेलंच. तिथे बैठा, चपटा दिवाच घ्या.

वायरमन_भुसावळ
जुन्या पॉइंटला दोनच वायरी असतात, रेग्युलेटरमधून आलेला फेज आणि न्यूट्रल. दिव्याला वेगळा फेज लागतो. रेग्युलेटरच्याच वायरीला दिवा जोडला तर पंखा १ वर आला की एलईडी लुकलुकते, मग गिऱ्हाईक म्हणतं माल खराब. पाइपातून १ स्क्वेअर एमएमची तिसरी वायर आणि हिरवी अर्थिंग ओढून घ्या. पितळी-लोखंडी अंगाला अर्थिंग हवीच. पाइप चोंदलेला असेल तर रिमोटवाला घ्या, त्याचा रिसीव्हर छताला टेकलेल्या कपात बसतो. मग भिंतीतला रेग्युलेटर काढायचा, सरळ बटण ठेवायचं. बीएलडीसीच्या (कमी वीज खाणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरच्या) मागे रेग्युलेटर राहिला तर आतलं सर्किट जाऊ शकतं.

यावलकर
हाव भो, आणि एमसीबी पाडून मगच शिडीवर. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर सापडतं, टेस्टर दोन्ही वायरींना लावून बघा.

तापीकाठ
सऱ्यात नुसता हुक पिळून लटकवू नका!! साधा पंखा ४-५ किलोचा, हा दिव्यासकट ८-९ पर्यंत जातो, वर फिरताना हिसका बसतो तो निराळा. सरा जाड असेल तर आडवं आरपार भोक पाडून १२ एमएमचा बोल्ट, दोन्हीकडे मोठे वायसर. नाहीतर सऱ्याला वेढा घालणारा पट्टीचा क्लँप लोहाराकडून करून घ्या, भोकच नको. त्याआधी पेचकस खुपसून पाहा. आत भसकन गेला तर वाळवी आहे, त्या सऱ्याला काहीच टांगायचं नाही.
स्लॅबला हुक नसेल तर अँकर फास्टनर (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट), तोही गिलावा सोडून काँक्रीटमध्ये. पीओपीवर भार द्यायचा नाही.

गिरणाथडी
धाबं आणि पीओपी एकाच घरात? 😄

तापीकाठ
पुढे धाबं, मागे स्लॅब. अर्ध्या खान्देशात हेच आहे दादा.

रावेरची_ताई
पाती खरंच लाकडाची आहेत का ते बघा. बहुतेकदा एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) लाकडी पापुद्रा असतो. पात्याची कड आणि स्क्रूचं भोक बघितलं की कळतं. एमडीएफ पावसाळ्यात भोकापाशी फुगतं, स्क्रू ढिला होतो, पंखा डोलायला लागतो. ओसरीसाठी तर एमडीएफ नकोच. पुसताना ओलं फडकं नको, कोरडंच.
बिबड्या (ज्वारीचे पापड) गच्चीवर वाळताहेत, वारा सुटलाय, बाकी नंतर लिहिते.

यावलकर
ताई, बिबड्यांच्या चिकाची वाटी इकडेही पाठवा.

नवापूर_नाका
डोलण्यावर: पाती एका खोक्यातलीच लावायची, दोन पंख्यांची मिसळायची नाहीत. वजन जुळवून दिलेली असतात. बसवल्यावर एका जागी पट्टी धरून प्रत्येक पात्याचं टोक त्याच जागेवर आणा आणि छतापासून अंतर मोजा. ३ एमएमपेक्षा जास्त फरक असेल तर पात्याचा लोखंडी हात वाकलाय किंवा स्क्रू कमी आवळलाय. अंतर सारखं असूनही डोलत असेल तर वजनाचा प्रश्न. एकेका पात्याच्या मध्यावर नाणं चिकटपट्टीने लावून फिरवा, ज्या पात्यावर डोलणं कमी होईल तिथे नाणं आतबाहेर सरकवा. जागा सापडली की खोक्यातलं चिकटवायचं वजन पात्याच्या वरच्या बाजूला पक्कं करा.

गिरणाथडी
एवढं करूनही मे महिन्यात गरम हवाच खाली येणार. कूलर झिंदाबाद.

वायरमन_भुसावळ
कूलर आहेच हो. पण लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखाच चालतो. साधी मोटर ७०-७५ वॅट खाते, बीएलडीसी ३० च्या आसपास. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधी मोटर गुणगुणते, तो बिघाड नव्हे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्याला स्टार लेबल सक्तीचं आहे. शोभेच्या पंख्यावर ते दिसत नसेल तर दुकानदाराला विचारा.

अंजनीतीर
दिव्याचं कोणीच नाही लिहिलं. होल्डर चुडीचा की खटक्याचा हे दुकानातच बघा, नंतर गावात बल्ब शोधत फिराल. पिवळा उजेड हवा तर २७०० केल्विन. काचेचा गोळा पूर्ण बंद असेल तर एलईडी तापून लवकर जाते, जाळीचा बरा. दिवा पात्यांच्या वर असलेला प्रकार दिसायला छान, पण पात्यांची सावली भिंतीवर सतत भिरभिरते, वाचणाऱ्याचं डोकं उठतं.

रावेरची_ताई
आले परत. काचेच्या स्क्रूखाली रबरी वायसर टाका, नाहीतर काच खडखडते. आणि चिकाची वाटी संपली हो, पोरांनी पुसून खाल्ली.

सातपुडा_पायथा
वायरमनभाऊ, रॉडच्या बोल्टमधली स्प्लिट पिन (बोल्ट निसटू नये म्हणून घालतात ती दोन पायांची) जुनीच वापरली तर चालेल का?

वायरमन_भुसावळ
नको. एकदा वाकवून सरळ केलेली पिन तुटते. नवी दोन-पाच रुपयांत मिळते, दोन्ही पाय फाकवून वळवा. वरच्या रबर बुशच्या बोल्टलाही तशीच.