मदत हवी आहे: फ्रीबीएसडीवर जँगोच्या दोन आवृत्त्या, एकाच पायथॉनखाली

जँगो (पायथॉनमधली वेब फ्रेमवर्क) ४.२ आणि ५.२ यांचे वेगळे पोर्ट (फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेज बांधण्याच्या कृती) खासगी ओव्हरलेमध्ये (अधिकृत पोर्टवर चढवलेला स्वतःचा संच) ठेवायचे आहेत. पायथॉन ३.११. मेकफाइलमध्ये यूझेस पायथॉन, यूझ_पायथॉनमध्ये ऑटोप्लिस्ट, कन्करंट आणि पेप५१७. रन-डिपेंड्समध्ये (चालवताना लागणारी पॅकेजेस) एएसजीआयरेफ आणि एसक्यूएलपार्स. 'मेक मेकसम' झालं, पुद्रिएरमध्ये (स्वच्छ वातावरणात पॅकेजेस बांधणारं साधन) टेस्टपोर्टही दोन्हींचं स्वतंत्रपणे स्वच्छ पार पडतं.

घोडं पेंड खातं ते दोन्ही एकाच मशीनवर बसवताना. दोघांच्याही फाइली साइट-पॅकेजेसमधल्या जँगो फोल्डरमध्येच जातात, त्यामुळे पॅकेज बसवणारा पीकेजी नकार देतो, आणि ते बरोबरच आहे. कन्करंटचा इथे उपयोग नाही: तो जँगो-अ‍ॅडमिनच्या नावाला पायथॉनची आवृत्ती जोडतो, जँगोची नाही. म्हणजे ३.११ आणि ३.१२ शेजारी नांदतात, ४.२ आणि ५.२ नाहीत. कॉन्फ्लिक्ट्स_इन्स्टॉल (ही दोन एकत्र बसत नाहीत हे सांगणारी ओळ) लिहिलं की संदेश नीट येतो, इतकंच.

खरी अडचण पुढच्या साखळीत आहे. जँगोवर चालणाऱ्या रेस्ट फ्रेमवर्कसारख्या पोर्टच्या रन-डिपेंड्समध्ये एकाच जँगोचं नाव घालावं लागतं. प्रत्येक जँगोसाठी त्या पोर्टची वेगळी प्रत ठेवायची, की मेकफाइलमध्ये स्वतःचा फ्लेवर (एकाच पोर्टमधून निघणारा पर्यायी प्रकार) करायचा? पायथॉनचे फ्लेवर आधीच असल्याने दोन्हींचा गुणाकार होईल, ही धास्ती आहे.

प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळं जेल (फ्रीबीएसडीतलं अलग वातावरण) हा उपाय माहीत आहे. तो नको असं नाही, पण अवलंबनांचा प्रश्न तरीही उरतो, कारण पॅकेजेसचा साठा एकच आहे. दोन पुद्रिएर सेट करून, प्रत्येकाच्या मेक.कॉन्फमध्ये (बांधणीच्या सेटिंग्जची फाइल) जँगोची आवृत्ती ठरवून कोणी चालवलंय का? असल्यास मेकफाइलमधला तो भाग दाखवा.