जुन्या पोर्ट्रेटमधले कपडे वाचायचे कसे?

रंगरेषा: अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या श्रीमंत स्त्रियांच्या तैलचित्रांवर लेख लिहिते आहे. चेहऱ्यांबद्दल भरपूर वाचायला मिळतं, पण चित्राचा मोठा भाग तर कापडानेच व्यापलेला असतो. नुसतं रंगकाम बघून कापड ओळखता येतं का? आणि झगा खरोखर तसाच होता असं कितपत धरून चालावं?

धागादोरा: ओळखता येतं, उजेड कुठे पडलाय ते बघा. साटनवर तो घडीच्या कण्यावर एकवटतो: अरुंद पट्टा, धारदार कड, लगेच शेजारी गडद सावली. टॅफेटा हे रेशमी कापडही चकाकतं, पण ते कडक. त्याच्या घड्या कागदासारख्या कोनात मोडतात. मखमलीचं उलटं. समोरून बघितली की लव उजेड गिळते, म्हणून फुगवट्याचा मधला भाग काळोखा आणि कडा उजळ. तलम मलमलीतून कातडीचा रंग झिरपतो.

मात्र तांबड्या कापडाबाबत जपून. किरमिजी रंगाचे पातळ थर उजेडाने उडतात, घड्यांची खोली जाते आणि उत्तम मखमलसुद्धा सपाट दिसते. इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्सच्या चित्रांतला किरमिजी तर त्याच्या हयातीतच उडायला लागला होता.

जुनी_चौकट: कपडे कुणी रंगवलेत तेही तपासा. लंडनमध्ये जोसेफ व्हॅन एकेन (मृत्यू १७४९) फक्त वस्त्रं रंगवून द्यायचा. थॉमस हडसन आणि अ‍ॅलन रॅमझी, दोघांचीही कामं त्याच्याकडे जात. त्यामुळे दोन निराळ्या चित्रकारांच्या निराळ्या स्त्रियांच्या अंगावर सारखाच झगा, सारख्याच चुण्या दिसल्या, तर तो त्यांच्या कपाटातला होता असं समजू नका. गेन्सबरो मात्र कपडे स्वतः रंगवायचा.

एकाच हातचं काम असलं तरी कपडा जसाच्या तसा उतरतो असं नाही. फ्रेंच चित्रकार अँग्रने मादाम म्वातेसिएचं बसलेलं चित्र १८४४ मध्ये हाती घेतलं आणि १८५६ मध्ये संपवलं. मधल्या काळात झगाच बदलला. अमेरिकन चित्रकार सार्जंटने १९०७ च्या लेडी ससूनच्या चित्रासाठी काळ्या टॅफेटाचा सैल क्लोक (वरून घ्यायचा पायघोळ झगा) टाचण्यांनी असा ओढून बसवला की गुलाबी अस्तर जास्त दिसावं. म्हणून कपड्याची तारीख लावताना चित्र पूर्ण झाल्याचं साल धरा, आणि कपडा कसा बेतला-शिवला होता ते चित्रावरून ठरवू नका.

रंगरेषा: आणि शिवणाऱ्या हातांचे कष्ट? ते कुठे दिसतात?

धागादोरा: बहुतेकदा दिसतच नाहीत, आणि लेखात हे ठळकपणे यायला हवं. सार्जंटचंच १८८९ चं एलन टेरीचं चित्र घ्या (ती नटी, पण उदाहरण चोख आहे). हिरव्या लोकरीच्या विणीवर भुंग्यांचे सुमारे १००० पंख टाचलेला तो पोशाख एडा नेटलशिप यांनी तयार केला. चित्रात त्या पंखांच्या जागी भराभर मारलेले हिरवे-निळे फटकारे आहेत. पोशाख अजून शिल्लक आहे. अलीकडच्या डागडुजीलाच १३०० तास लागले.

जुनी_चौकट: चकाकीवरून किंमतही ठरवू नका. चित्रकर्ती व्हिजे ल ब्रुनने १७८३ मध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला साध्या पांढऱ्या मलमलीत रंगवलं, तर गदारोळ होऊन चित्र सलोंमधून (पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनातून) उतरवावं लागलं. राणी जणू आतल्या कपड्यांत दिसते, हा एक आक्षेप. दुसरा पोटापाण्याचा: राणीच परदेशी सुती नेसू लागली तर फ्रान्समधल्याच ल्यों शहरातल्या रेशीम विणकरांनी काय करायचं? त्याऐवजी निळसर रेशमातलं दुसरं चित्र आलं, हातात तोच गुलाब. दोन्ही शेजारी ठेवून बघा.